लॉन जळतंय? आधी खिडकीकडे बघा

या वेळी आर्टिफिशियल लॉनवरच्या डागांबद्दल इतकी पत्रं आलीत की बाकीचे विषय पुढच्या अंकाला ढकललेत आणि हा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. पत्रं वेगवेगळी आहेत पण तक्रार एकच, लॉनचा एखादाच पट्टा आक्रसतो, वितळतो, बाकीचं लॉन अगदी छान असतं आणि कारण काही सापडत नाही. लोक लॉनवाल्याशी भांडतात, नवीन तुकडा टाकतात, आणि तो पण तिथेच जळतो. म्हणून सगळ्यात मोठ्या प्रश्नापासून सुरुवात करते.

प्रश्न: ताई, आमच्या मोठ्या काचेच्या स्लायडिंग दरवाजासमोर हातभर रुंदीचा पट्टा पूर्ण आक्रसलाय. पाती गोळा होऊन कडक झालीत, कोणी गरम इस्त्री ठेवल्यासारखं दिसतं. लॉन टाकणारे म्हणतात तुम्हीच काहीतरी गरम ठेवलं असणार. आम्ही खरंच काही ठेवलेलं नाही हो. मग हे झालं कशामुळे?

उत्तर: तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, कारण तुम्ही जे वर्णन केलंय ते काचेवरून उलटून आलेल्या उन्हाचं आहे. काचेचा कवडसा एवढं करू शकतो यावर पटकन विश्वास बसत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट लॉनची. बहुतेक आर्टिफिशियल लॉनची पाती पॉलिएथिलीनची असतात, काही पॉलिप्रॉपिलीनची, थोडी नायलॉनची. पॉलिएथिलीन प्रकाराप्रमाणे साधारण १०५ ते १३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतं, पण मऊ पडायला आणि आक्रसायला त्याच्या बरंच आधी लागतं. त्याचं कारण असं की हा धागा बनवताना तो ओढून ताणलेला असतो, त्या ताणामुळेच पात्याला उभं राहायची ताकद येते, आणि पुरेशी उष्णता मिळाली की तो ताण सुटतो आणि पातं मागे गोळा होतं. म्हणजे तुमच्याकडे पाती आधी वळली असणार, मग चिकटली असणार.

आता नुसत्या उन्हात लॉन किती तापतं ते बघा. खऱ्या गवतात पाणी असतं, ते पानांतून वाफ होऊन जातं आणि गवत गार राहतं. प्लॅस्टिकच्या पात्याकडे ती सोय नाही, त्यामुळे कडक उन्हात ६०-७० अंश ही त्याच्यासाठी रोजचीच गोष्ट आहे. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ साली कृत्रिम टर्फच्या मैदानावर मोजमाप केलं तेव्हा पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत गेलेला सापडला होता, आणि ते तर उघड्या मैदानावर, काच वगैरे काही नसताना. म्हणजे लॉन आधीच काठावर उभं आहे, त्याला ढकलायला थोडीशी जादा उष्णता पुरते.

ती जादा उष्णता काच देते. साधी एकेरी काच उन्हाचा जेमतेम ८ टक्के भाग परत फेकते, तेवढ्याने लॉनला काही होत नाही. पण आता घरात उष्णता कमी यावी म्हणून जी दुहेरी काच बसवतात, डबल ग्लेझिंग, तिच्या आतल्या बाजूला लो-ई नावाचा धातूचा अतिशय पातळ थर असतो. त्याचं कामच मुळी उष्णतेचे किरण परत पाठवायचं. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेतला जवळपास निम्मा भाग डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेडचा असतो, आणि हा थर नेमका तोच भाग जोरात परत फेकतो, म्हणून कवडसा डोळ्याला फिकट दिसला तरी हाताला चांगलाच चटका लागतो. अशा काही काचा एकूण उन्हाचा एक तृतीयांश भाग सहज परत देतात.

तरी सपाट काचेने एवढं झालं नसतं. खरी गडबड होते ती काच वाकल्यामुळे. दुहेरी काचेच्या मधली पोकळी चारी बाजूंनी सील केलेली असते, आत हवा किंवा आरगॉन गॅस. बाहेर थंडी पडली की आतला गॅस आकुंचन पावतो, बाहेरचा हवेचा दाब वाढला तरी तेच, आणि दोन्ही काचा मधोमध आत ओढल्या जातात. काही वर्षांनी आरगॉन हळूहळू निसटून जातो आणि तेवढी हवा आत येत नाही, तेव्हा पण तेच होतं. खिडकी उंच डोंगराळ भागातल्या कारखान्यात सील केली आणि खाली सखल भागात आणून बसवली तरी तेच. काच फुटत नाही, गळत नाही, आत पाणी साचत नाही, घरातून बघणाऱ्याला काहीच कळत नाही, पण बाहेरून ती एक मोठा अंतर्गोल आरसा झालेली असते.

एक मीटर रुंदीची काच मधे ५ मिलिमीटर आत गेली असं धरा. तिची नाभी, म्हणजे परत फिरलेलं ऊन जिथे एका जागी गोळा होतं ती जागा, साधारण १२ मीटरवर येते. त्याच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे ६ मीटरवर, कवडसा लांबीला अर्धा आणि रुंदीला अर्धा होतो, क्षेत्रफळ पाव राहतं आणि उष्णता चौपट दाट होते. काचेने उन्हाचा तिसराच हिस्सा परत फेकला असला तरी चौपट गोळा झाल्यावर तो एका पूर्ण उन्हापेक्षा जास्त भरतो, आणि वरून खरं ऊन आहेच. म्हणजे लॉनच्या त्या पट्ट्यावर दोनपेक्षा जास्त सूर्य एकदम तळपतायत. प्लॅस्टिक टिकणार कसं?

तेव्हा लॉन टाकणाऱ्यांना हे समजावून सांगा, पण त्यांच्यावर चिडू नका, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. आणि नवीन तुकडा टाकायची घाई अजिबात करू नका, खिडकीचं काही केल्याशिवाय तो तुकडा फुकट जाणार.

प्रश्न: शेजारी म्हणतात की तुमचं लॉनच हलक्या दर्जाचं आहे. खिडकीमुळेच झालंय हे खात्रीने कसं ओळखायचं?

उत्तर: डागाचा आकार बघा आधी. माल खराब असेल तर सगळीकडे थोडं थोडं खराब दिसेल, रंग उडेल, पाती गळतील. काचेच्या कवडशाचा डाग मात्र एका जागी असतो, बहुतेक वेळा लांबट पट्टा, कधी फुलीसारखा, कधी मधे जाड आणि टोकांना निमुळता, कारण सूर्य सरकतो तसा कवडसा पण लॉनवरून सरकत जातो आणि त्याच्या वाटेत जिथे तो सगळ्यात दाट होतो तिथलीच पाती जातात. काहींच्या लॉनवर एकाला लागून एक असे सारखेच दोन-तीन डाग असतात, तेव्हा वर बघा, तेवढीच तावदानं असतात.

मग एका स्वच्छ उन्हाच्या दिवशी अर्ध्या अर्ध्या तासाने लॉनवर जाऊन कवडसा कुठे आहे त्याच्या कडेला खडे ठेवत जा किंवा फोटो काढा, फोटोवर वेळ येतेच. कवडसा डागावर आला की ज्या खिडकीचा संशय आहे तिच्यावर बाहेरून एक चादर धरायला सांगा कोणालातरी. कवडसा गेला की विषय संपला. हे मी सगळ्यांना करायला सांगते कारण खूपदा संशय खालच्या दरवाजावर असतो आणि कवडसा निघतो वरच्या मजल्यावरच्या छोट्या खिडकीचा.

घरात इन्फ्रारेड थर्मामीटर असेल, तो बंदुकीसारखा लांबूनच तापमान दाखवणारा, तर कवडशातलं आणि बाजूच्या उन्हातलं असं दोन्हीकडचं मोजून लिहून ठेवा, पुढे कोणाशी बोलायची वेळ आली तर आकडे कामाला येतात. आणि काच वाकली आहे का ते बघायला थंडगार सकाळी एक सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा काचेवर बाहेरून आडवा धरा, मधे फट दिसली की काच आत गेलेली आहे. काचेवर लो-ई थर आहे का हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे रात्री काचेजवळ पेटती काडी धरायची (पडदे लांब सारून, सांभाळून), दुहेरी काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात, त्यातल्या एकाचा रंग बाकीच्यांपेक्षा वेगळा असेल तर थर आहे.

एक विनंती, कवडशात उभं राहून काचेकडे बघू नका. डोळ्यांना इजा होते.

प्रश्न: आम्ही दिवसभर पडदे लावून ठेवतो, आतून काळी फिल्म पण लावली, तरी लॉन जळतंच आहे. आता काय करायचं?

उत्तर: आतून काहीही लावलंत तरी उपयोग नाही. ऊन परत फिरतं ते बाहेरच्या काचेवरून आणि त्या दुहेरी काचेच्या पोकळीतल्या थरावरून, तुमच्या पडद्यापर्यंत किंवा फिल्मपर्यंत ते पोचायच्या आधीच लॉनकडे निघालेलं असतं. आणि काळी फिल्म तर मी काढूनच टाका म्हणेन, दुहेरी काचेवर आतून गडद फिल्म लावली की काच उष्णता शोषून घेते, मधला भाग तापतो, कडा चौकटीत गार राहतात आणि त्या ताणाने काच तडकू शकते. शिवाय खिडकी कंपनीची गॅरंटी पण जायची शक्यता असते. कोणतीही फिल्म लावायच्या आधी काचवाल्याला विचारलंच पाहिजे.

जे करायचं ते काचेच्या बाहेरून. सगळ्यात सोपी आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे जाळी, साधी डासांची बारीक जाळी, पण पूर्ण काचेवर आणि काचेच्या बाहेरून. जाळी इतकी चांगली का चालते ते बघा, ऊन तिच्यातून दोनदा जातं, एकदा काचेकडे येताना आणि एकदा परत जाताना. जाळीत ६० टक्के भोकं असली तर आत ६० टक्के जातं आणि बाहेर येताना त्याच्या ६० टक्के, म्हणजे हातात राहिलं ३६, आणि त्यातलं पण काही आधी काचेनेच आत घेतलेलं असतं. उरलेला कवडसा विस्कटतो तो वेगळाच. उन्हाची म्हणून दाट विणीची वेगळी जाळी मिळते ती आणखी चांगली. फक्त एक बघा, ज्या खिडक्यांची तावदानं बाहेर उघडतात त्यांची जाळी आतल्या बाजूला असते, ती या कामाची नाही. आणि स्लायडिंगला जाळी अर्ध्याच भागावर असते, उरलेली अर्धी काच तशीच जाळत राहते, तिथे वेगळी फ्रेम करून घ्यावी लागेल.

जाळी नको असेल तर बाहेरून लावायची मॅट फिल्म मिळते, दुधी काचेसारखी, ती ऊन परत फेकते पण चारी दिशांना पसरवून, त्यामुळे एका जागी गोळा होत नाही. छोट्या भोकांची छिद्रवाली फिल्म पण येते, आतून बाहेरचं बऱ्यापैकी दिसतं. दुकानात मात्र नीट विचारा, कारण उष्णता कमी करणारी फिल्म मागितली की आरशासारखी चमकणारी हातात देतात आणि तिने तर कवडसा आणखी कडक होईल.

छज्जा, कापडी ऑनिंग, बाहेरून खाली सोडायची चिक किंवा रोलर शेड, शटर, हे सगळं चालतं. ऊन काचेवर पडलंच नाही तर परत काय जाणार. पण छज्जा आणि ऑनिंग डोक्यावरचं ऊन अडवतात, तिरपं ऊन त्यांच्या खालून सरळ आत शिरतं, त्यामुळे डाग सकाळी लवकर, संध्याकाळी किंवा थंडीत पडत असेल तर उभा आडोसाच हवा. खिडकीसमोर जाळीवर वेल चढवला किंवा उंच कुंड्या ठेवल्या तरी काम होतं आणि दिसायला पण छान. झाड लावणार असाल तर थंडीत पानं गळणारं नको.

यातलं काही लावलं की परत एकदा त्या सगळ्या वेळांना जाऊन कवडसा बघा, गेला का, की सरकून दुसरीकडे पडतोय. हे न बघता लोक निश्चिंत होतात आणि मग डाग तीन फूट पलीकडे निघतो.

प्रश्न: ऐन उन्हाळ्यात लॉनला काही झालं नाही आणि थंडी सुरू झाल्यावर जळलं. हे उलटं कसं?

उत्तर: उलटं नाहीये हो, असंच होतं, आणि याचमुळे लोकांना खिडकीचा संशय येत नाही. एक कारण वर आलंच, थंडीत पोकळीतला गॅस आकुंचन पावतो आणि काच जास्त आत ओढली जाते, आरसा जास्त खोल होतो. दुसरं कारण सूर्याच्या उंचीचं.

उभ्या काचेवर ऊन ज्या कोनात वरून येतं त्याच कोनात खाली परत जातं. सूर्य खिडकीच्या बरोबर समोर आणि ६० अंश वर असेल तर ४ मीटर उंचीवरच्या खिडकीचा कवडसा भिंतीपासून सव्वादोन मीटरच्या आसपास पडतो. सूर्य ४५ अंशांवर आला की ४ मीटरवर, आणि ३० अंशांवर असताना जवळपास ७ मीटरवर. म्हणजे उन्हाळ्यात दुपारी तो भिंतीजवळच्या फरशीवर पडत होता, कोणाला कळलंच नाही, आणि थंडीत सूर्य खाली आल्यावर तोच लांब जाऊन लॉनच्या मधोमध पोचला, आणि लांब गेल्यामुळे नाभीच्या जास्त जवळ पोचून दाट पण झाला. शिवाय खाली आलेल्या सूर्याचं ऊन काचेवर जास्त समोरून आदळतं, त्यामुळे काचेला मिळणारं ऊनही जास्त.

यातून एक कामाची गोष्ट अशी की ज्यांना नवीन लॉन टाकायचंय त्यांनी एका दिवसाच्या निरीक्षणावर जाऊ नये. खिडकीची उंची मोजा, वर्षातल्या वेगवेगळ्या वेळी सूर्य किती वर असतो ते मोबाईलवरच्या सूर्याचा मार्ग दाखवणाऱ्या अ‍ॅपमधे सहज कळतं, आणि कवडसा वर्षभरात कुठून कुठपर्यंत फिरेल तो पट्टा जमिनीवर आखून ठेवा. त्या पट्ट्यात फरशी, खडी किंवा खरी झाडं ठेवलीत तर पुढची सगळी डोकेदुखी वाचते.

प्रश्न: रोज दुपारी लॉनवर पाणी मारलं तर? आणि वाळू भरल्याने फरक पडतो का?

उत्तर: पाण्याने फरक पडतो पण ओल असेपर्यंतच, कडक उन्हात पाती बघता बघता सुकतात आणि तापमान परत चढतं. कवडसा नेमका कधी येतो माहीत असेल, तो थोडाच वेळ राहत असेल आणि तुम्ही घरी असाल तर एखाद्या आठवड्यापुरतं ठीक आहे. कायमचा उपाय म्हणून नका बघू, पाणी पण वाया जातं आणि ज्या दिवशी विसरलात त्या दिवशी डाग पडतो.

सिलिका वाळू लॉनमधे भरतात ती पाती उभी राहायला आणि लॉन जागेवर बसायला, ती असावीच, काळ्या रबराच्या दाण्यांपेक्षा ती कमी तापते हे पण खरं. पण कवडसा जाळतो तो पात्यांच्या वरच्या टोकांना आणि वाळू असते बुडाशी, त्यामुळे वाळू वाचवेल ही आशा ठेवू नका.

खिडकीचं काम व्हायला वेळ लागणार असेल तोपर्यंत कवडशाच्या जागेवर फिकट रंगाची जाड चादर किंवा शेडनेट चार काठ्यांवर थोडं उंच बांधून ठेवा. लॉनवर थेट प्लॅस्टिकची ताडपत्री पसरू नका, ती स्वतःच तापून चिकटते.

प्रश्न: बाल्कनीत काचेचं रेलिंग आहे आणि खाली आर्टिफिशियल लॉन. तिथेही धोका आहे का?

उत्तर: खिडकीपेक्षा खूप कमी. रेलिंगची काच बहुतेक एकसंध किंवा दोन काचा चिकटवलेली असते, मधे सील केलेली पोकळी नाही, त्यामुळे ती अशी आत ओढली जात नाही. रेलिंग गोलाईचं असेल आणि त्याची आतली बाजू लॉनकडे असेल तर मात्र लक्ष ठेवा. बाल्कनीचा दरवाजा दुहेरी काचेचा असेल तर खरा संशय त्याच्यावर. तसंच चकचकीत स्टीलच्या कुंड्या, शोभेचे आरसे, काचेचा टेबलटॉप हे पण ऊन फेकतात. आणि काचेचा गोळा किंवा पाण्याने भरलेली पारदर्शक बाटली उन्हात ठेवूच नका, ती भिंग होते आणि लॉनच काय, कागद-कापड पेट घेऊ शकतं.

प्रश्न: घरात लहान मूल आणि कुत्रा आहे. वितळतं म्हणजे त्यांना भाजेल का?

उत्तर: हो, भाजू शकतं, हे अजिबात हलक्यात घेऊ नका. जिथे प्लॅस्टिक मऊ पडतं तिथे उघडा पाय किंवा पंजा काही क्षणात पोळतो. कवडशाची वेळ कळली की त्या वेळात तो भाग बंदच ठेवा, मधे कुंड्या लावून अडवा. कवडसा नसलेल्या उन्हातलं लॉन सुद्धा हाताची मागची बाजू टेकवून बघितल्याशिवाय मुलांना सोडू नका, तुमचा हात पाच सेकंद टिकत नसेल तर त्यांचे पाय कसे टिकतील. बाकी सगळे प्रश्न लॉनच्या पैशाचे आहेत, हा एकच तसा नाही, म्हणून तुम्ही विचारलंत ते फार बरं झालं.

प्रश्न: नवीन लॉन घ्यायचंय. उष्णतेने न जळणारं मिळतं म्हणतात, ते घ्यावं का? आणि गॅरंटीत हे येतं का?

उत्तर: नायलॉनची पाती जास्त टिकतात हे खरं. नेहमीचं नायलॉन ६ सुमारे २२० अंशांना वितळतं, पॉलिप्रॉपिलीन १६० च्या आसपास, पॉलिएथिलीन किती ते वर सांगितलंच. त्यामुळे खिडकीला हात लावणं शक्यच नसेल, भाड्याचं घर असेल किंवा खिडकी दुसऱ्याची असेल, तर तेवढ्या पट्ट्यात नायलॉन टाकणं शहाणपणाचं आहे. पण नायलॉन महाग असतं, पायाला जरा खरखरीत लागतं आणि ओल धरतं. शिवाय वितळलं नाही तरी ते तापणारच, कुत्र्याच्या पंजाला ते पॉलिएथिलीनइतकंच पोळेल. म्हणून खिडकीवर जाळी बसवता येत असताना नुसतं महागडं लॉन घेऊन प्रश्न सुटला असं मला वाटत नाही.

गॅरंटीचं म्हणाल तर कागद पूर्ण वाचा, बऱ्याच कंपन्या खिडकीच्या किंवा इतर परावर्तित उन्हाने झालेलं नुकसान स्पष्ट शब्दांत वगळतात. विकणाऱ्याला घरी जागा दाखवताना खिडक्या पण दाखवा आणि काय म्हणतो ते लेखी घ्या. आणि नवीन खिडक्या पण बसवणार असाल तर काचवाल्याला विचारा की बाहेरच्या बाजूने परावर्तन कमी असलेली काच मिळेल का आणि कारखान्याच्या आणि घराच्या उंचीत फरक असेल तर पोकळीचा दाब सारखा करून देणार का, त्यासाठी बारीक नळी बसवायची पद्धत आहे. लो-ई काच वाईट आहे असं मात्र कोणी समजू नका, ती घर गार ठेवते, वीज वाचवते, तिला बाहेरून एक जाळी दिली की झालं.

प्रश्न: वितळलेली पाती गरम पाण्याने किंवा ब्रशने सरळ होतात का? की पूर्ण लॉन बदलावं लागेल?

उत्तर: नुसती दबलेली पाती ब्रशने उभी राहतात. वितळून गोळा झालेली कधीच नाही, त्या धाग्याचा ताणच गेलेला असतो, तो परत येत नाही. टोकं किंचित वळली असतील तर कात्रीने शेंडे कापून बघा, लांबून कळणार नाही.

पूर्ण लॉन बदलायची गरज नाही. खराब भाग मागच्या बाजूच्या शिवणीच्या ओळींना धरून चौकोनी कापून काढा, तेवढाच नवा तुकडा खालून जॉइंट टेप आणि गोंद लावून बसवा. पात्यांचा कल बाकीच्या लॉनच्या दिशेनेच हवा, उलटा बसला तर रंग वेगळा दिसतो. नवा तुकडा उन्हाने न उडालेला असल्यामुळे डोळ्यात भरतो, म्हणून कोपऱ्यातला, कुंडीमागचा जुना तुकडा काढून पुढे वापरा आणि नवा कोपऱ्यात लावा. पण हे सगळं कवडसा बंद केल्यावर.

प्रश्न: आमचं सगळं तपासून झालं, कवडसा शेजाऱ्यांच्या वरच्या खिडकीतून येतोय. ते म्हणतात आमच्या घरात आम्ही काय करायचं ते तुम्ही का सांगता. काय करावं?

उत्तर: अवघड आहे, पण त्यांची बाजू पण समजून घ्या, त्यांच्या घरातून त्यांना काहीच दिसत नाही, खिडकी त्यांच्या दृष्टीने उत्तम आहे. त्यांना कवडसा असतो त्या वेळेला तुमच्याकडे बोलवा आणि हात धरायला सांगा लॉनच्या वर थोडा. एवढं पुरतं बऱ्याचदा.

त्यांना हे पण सांगा की काचेने खाली काहीतरी जाळलं असं होणारी तुमची पहिली जागा नाही. लंडनमधली २० फेनचर्च स्ट्रीट ही उंच इमारत, लोक तिला वॉकी-टॉकी म्हणतात, तिचा एक दर्शनी भाग आत वळलेला काचेचा आहे. २०१३ मधे तिचं बांधकाम चालू असताना तिच्या कवडशाने खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीचे भाग वितळले होते. लॉस एंजेलिसमधे २००३ साली सुरू झालेल्या वॉल्ट डिस्ने कॉन्सर्ट हॉलच्या चकचकीत स्टीलच्या पत्र्यांनी आसपासच्या घरांना असाच त्रास दिला. दोन्हीकडे इलाज काय केला, तर लंडनला इमारतीच्या बाहेरून ऊन अडवणाऱ्या पट्ट्या बसवल्या आणि लॉस एंजेलिसला ते पत्रे घासून मॅट केले. रस्त्यावरच्या लोकांना गाड्या हलवा सांगून कोणी प्रश्न मिटवला नाही.

मग जाळीचा खर्च तुम्ही करायची तयारी दाखवा, त्यांच्या पसंतीच्या रंगात, त्यांच्या सोयीच्या दिवशी. डास अडतात, घरात ऊन कमी येतं, म्हणजे त्यांचाही फायदाच आहे. तरी नाही म्हणाले तर तुमच्या हद्दीत कवडशाच्या वाटेत उंच झुडपांची रांग, वेलाची जाळी किंवा शेड सेल, म्हणजे उन्हासाठी ताणून बांधायचं कापड, लावा. आडोसा किती उंच हवा ते काढायला त्यांच्या खिडकीच्या वरच्या कडेपासून डागाच्या तुमच्याकडच्या टोकापर्यंत मनात एक सरळ रेघ ओढा, आडोसा जिथे उभा करणार तिथे ती रेघ जमिनीपासून जेवढी वर असेल तेवढी उंची आणि त्यावर हातभर जास्त. झुडपं वाढेपर्यंत शेड सेल, आणि तोपर्यंत त्या पट्ट्यातलं लॉन गुंडाळून बाजूला ठेवलंत तर उत्तम.